अलीकडची सिम-उड्डाणं: कुठे गेलात, काय पाहिलंत, कसे उडालात?

मंदगती

गेले काही आठवडे मी सिमवर (संगणकावरच्या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरवर) एकाच पद्धतीने उडतोय. सेस्ना १७२ हे छोटं विमान, जमिनीपासून हजार-दीड हजार फूट उंची, ऑटोपायलट बंद, पडद्यावरची जीपीएसची रेघही बंद. शेजारी नकाशा आणि घड्याळ. भटकंतीसाठी सिम वापरणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतोय. अलीकडे कुठे उडालात ते लिहा. पण नुसतं ठिकाणाचं नाव नको. विमान कोणतं, वेळ कोणती, उंची किती आणि त्या जागेत कुठल्या बाजूने शिरलात, हेही सांगा. सिममधली जागा डोळ्यांत भरते की नाही, हे ग्राफिक कार्डापेक्षा या चार गोष्टींवर जास्त ठरतं असं माझं ठाम मत झालंय.

सुरुवात मी करतो. आइसलंड, रेक्याविकचा शहरातला जुना विमानतळ ते वेस्टमन बेटं. जूनमधली तारीख, रात्री साडेनऊची वेळ. आइसलंडची घड्याळं वर्षभर यूटीसीवरच (जागतिक प्रमाण वेळेवर) चालतात, त्यामुळे सिममध्ये वेळ लावताना आकडेमोड करावी लागत नाही. जूनमध्ये तिथला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. साडेनऊला तो वायव्येला अगदी खाली असतो आणि मी आग्नेयेकडे उडत असल्याने सगळा उजेड पाठीमागून येत होता. लाव्हाच्या पठारावरची प्रत्येक घडी, प्रत्येक भेग सावलीमुळे उठून दिसत होती. हेच पठार मी पूर्वी भर दुपारी ओलांडलं होतं, तेव्हा ते सपाट करडं दिसलं होतं.

पठार संपलं की सेलफॉस, मग थ्योर्साउ नदी. ही आइसलंडची सर्वांत लांब नदी, सुमारे २३० किलोमीटर. हिमनद्यांच्या गाळाने तिचं पाणी दुधट असतं आणि ते वरून लगेच ओळखू येतं. नकाशावर नदी ओलांडायची वेळ लिहून ठेवली होती. ९० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) मिनिटाला दीड नॉटिकल मैल होतात, हिशेब सोपा. भानगड वाऱ्याची. वीस नॉटचा अगदी आडवा वारा असेल, तर ९० नॉटच्या विमानाचं नाक साधारण १३ अंश वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं. म्हणजे विमान जातंय एकीकडे आणि नाक पाहतंय दुसरीकडे. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट नदीचं पाणी ठरल्या मिनिटाला पंखाखाली आलं तेव्हा अंगात मुरली.

किनाऱ्यावर पोचताना डावीकडे एयाफ्यात्लायोकुत्ल. २०१० च्या एप्रिलमध्ये ज्याच्या राखेने युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली, तोच. तिथून दहा-अकरा किलोमीटरचं समुद्राचं पाणी ओलांडलं की हेइमाए बेट. २३ जानेवारी १९७३ च्या पहाटे या बेटावर गावाला लागूनच जमीन फाटली आणि एल्डफेल नावाचा डोंगर उभा राहिला. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला होता. लोकांनी त्यावर समुद्राचं पाणी पंपाने मारून त्याला थोपवलं. सिममध्ये गावाभोवती एक चक्कर मारली तर नवी जमीन कुठे सुरू होते आणि बंदर किती थोडक्यात वाचलं हे स्पष्ट दिसतं.

उतरण्याआधी तसंच नैर्ऋत्येला सुर्टसीपर्यंत गेलो. १९६३ च्या नोव्हेंबरात समुद्रातून वर आलेलं बेट. तिथे पाय ठेवायची परवानगी फक्त शास्त्रज्ञांना, त्यामुळे आपल्यासारख्यांनी त्याच्याभोवती फिरायचं तर असंच. उद्रेक १९६७ मध्ये थांबला, तेव्हापासून लाटा त्याला खात आल्या आहेत आणि आता मूळ क्षेत्रफळाच्या जवळपास निम्मंच उरलंय. मी ७०० फुटांवरून डावीकडे कललेलं विमान ठेवून दोन फेऱ्या मारल्या. मग हेइमाएला परत. तिथल्या धावपट्ट्या डोंगराच्या पायथ्याशी आहेत. सिमवर खरं हवामान चालू असेल तर फायनलवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) वारा विमानाला चांगलंच हलवतो.

आता तुमची पाळी.

दऱ्याखोरी

धागा काढलात हे फार बरं केलंत. वाचनखूण साठवली.

मी सध्या नेपाळमध्ये आहे (सिममध्ये). काठमांडू ते लुक्ला, ट्विन ऑटर विमान. लुक्लाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं: धावपट्टी ५२७ मीटर, चढ जवळजवळ १२ टक्के, उंची ९,३३४ फूट, समोर डोंगर. चढाकडे तोंड करून उतरायचं आणि उताराकडे तोंड करून उडायचं. बरेच जण सिम सुरू करून थेट फायनलवर प्रकट होतात, एकदा उतरतात, फोटो काढतात, संपलं. माझी विनंती आहे, काठमांडूपासून उडत जा. त्या वाटेतच लुक्लाचा अर्थ आहे.

काठमांडू सुमारे ४,४०० फुटांवर. पूर्वेकडे जाताना एकामागून एक डोंगररांगा आडव्या येतात आणि प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा उंच. लामजुराची खिंड साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. ती ओलांडली की दूधकोशीचं खोरं समोर उघडतं, आणि तिथून उत्तरेला वळलं की त्या खोऱ्यात शिरायचं. सकाळीच जा. खऱ्या वैमानिकांनाही सकाळच हवी असते, कारण दिवस चढला की खोऱ्यातून वारा वर वाहू लागतो आणि खिंडींवर ढग बसतात. खरं हवामान चालू ठेवलं तर सिममध्येही दुपारी खिंड बंद झालेली सापडते. तशी सापडली तर परत फिरा. परत फिरणं हाही त्या उड्डाणाचाच भाग.

उतरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चढती धावपट्टी डोळ्यांना फसवते. आपण फार वर आहोत असं वाटतं आणि हात आपोआप विमान खाली नेतो, थेट धावपट्टीच्या अलीकडच्या कड्याकडे. म्हणून धावपट्टीच्या आकारावर विसंबू नका. कुठे टेकायचं ती जागा ठरवा आणि ती काचेवर हलू देऊ नका. दोन, विरळ हवा. वेगमापकावर ८० नॉट दिसले तरी त्या उंचीवर खरा वेग ९५ च्या आसपास असतो, कारण दर हजार फुटांमागे खरा वेग साधारण दोन टक्क्यांनी वाढत जातो. जमीन नेहमीपेक्षा जोरात अंगावर येते. घाबरून वेग आणखी कमी केला तर विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल तुटेल. काटा सांगतो तेच ऐकायचं.

आणि शेवटच्या टप्प्यात एक बिंदू असा येतो की त्यानंतर परत फिरायला जागाच नाही. तो बिंदू यायच्या आधी मनाशी स्पष्ट ठरवावं लागतं: उतरणार की नाही. घरी खुर्चीत बसूनही त्या क्षणी पोटात गोळा येतो.

नवखा_वैमानिक

दोन्ही लेखन अप्रतिम. मी नुकतंच सुरू केलंय, जॉयस्टिक आहे, पॅडल नाहीत. काही प्रश्न:

१. सुरुवातीला स्थलदर्शनासाठी कुठे जावं? लुक्ला इतक्यात झेपणार नाही.
२. बाहेर बघायला लागलं की विमान चढतं किंवा उतरतं. बघायचं आणि उडवायचं एकाच वेळी कसं जमवता?
३. कोणतं सिम?

मंदगती

नवखा_वैमानिक, स्वागत!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यावर बाकी सगळं उभं आहे. उत्तर एका शब्दात: ट्रिम, म्हणजे काठीवर सतत जोर न देता नाक हवं तिथे ठेवण्याची सोय. हवी ती उंची गाठा, पॉवर ठरवा (१७२ ला २,२०० आरपीएमच्या आसपास), नाक क्षितिजाच्या कुठे आहे ते बघा, विमान त्या वेगाला स्थिरावेपर्यंत थांबा. मग हातावरचा जोर शून्य होईपर्यंत ट्रिम फिरवा. काठी सोडली तरी विमान तसंच राहिलं पाहिजे. तसं झालं की दहा सेकंद बाहेर, दोन सेकंद आत अशी नजर फिरवायची सवय लावा. स्थलदर्शनाला बसण्याआधी एखाद्या सपाट प्रदेशावर अर्धा-एक तास फक्त ट्रिमचा सराव करा. पॅडल नसली तर काठी पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पातं) देता येतं का पाहा, बऱ्याच जॉयस्टिकना ती सोय असते. सिममधला आपोआप रडर चालू ठेवूनही सुरुवात होते.

पहिलं ठिकाण: हवाई बेटांमधलं काउआई. लिहूएहून निघा आणि बेटाला घड्याळाच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घाला. उलटी का? वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो. समुद्रावरून उलट्या दिशेने गेलात की बेट सतत तुमच्या डाव्या खिडकीत राहतं, मान उंचावून उजव्या खिडकीतून बघावं लागत नाही. किनारा हाताशी असल्याने वाट चुकायची सोय नाही. उत्तर टोक वळसा घालून गेलं की ना पाली किनारा: समुद्रातून सरळ उभे राहिलेले हिरवे कडे, काही ठिकाणी हजार मीटरच्या वर. हे कडे वायव्येला तोंड करून आहेत, म्हणून दुपार कलल्यावर जा. सकाळी गेलात तर ते सावलीत असतात. पुढे पश्चिमेकडून आत वळून वायमेआ कॅन्यन बघता येतं. मध्यभागी वायआलेआले शिखर बहुतेक वेळा ढगात असतं. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी ती एक आहे. तिथे शिरू नका. सगळी फेरी तासाभराची.

सिमबद्दल इतर जण सांगतील.

भूरूप

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत. नुसतं जग बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं सिम, २०२० किंवा २०२४ ची आवृत्ती. जमिनीचं चित्र उपग्रहावरून आणि विमानातून घेतलेल्या फोटोंचं असतं आणि ते उडता उडता इंटरनेटवरून येतं, त्यामुळे जोडणी चांगली हवी. एक्स-प्लेनची ओळख विमानाच्या वागण्यासाठी आहे. पंखांचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकावर हवेचा किती जोर येतो ते ते सतत काढत राहतं. फ्लाइटगिअर पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत. १९९७ पासून स्वयंसेवक ते घडवत आले आहेत. जुना संगणक असेल तर तिथूनच सुरुवात करा, ट्रिमचा सराव तिथेही तितकाच होतो.

मला भूगोलाचं वेड आहे म्हणून थोडं जमिनीबद्दल. सिममधले डोंगर कुठून येतात? फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवस रडारने पृथ्वी मोजली. त्यातून ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातल्या जमिनीची उंची मिळाली आणि ती सर्वांसाठी खुली झाली. मोफत सीनरी (सिममध्ये घालायचं भूदृश्य) बनवणाऱ्यांना हा खजिनाच होता. मंदगतींचं आइसलंड मात्र ६३ अंशांच्या वर, म्हणजे या पट्ट्याच्या बाहेर. नॉर्वेचा बराचसा भागही बाहेर. तिथली उंची दुसऱ्या मोजण्यांतून घ्यावी लागते, म्हणून जुन्या सीनरीमध्ये उत्तरेकडचे फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) गुळगुळीत, वितळल्यासारखे दिसायचे.

माझं अलीकडचं उड्डाण व्हेनेझुएलातलं: कानाइमाची छोटी धावपट्टी ते एंजल धबधबा. ९७९ मीटर उंचीचा हा धबधबा आउयान-तेपुई नावाच्या सपाट माथ्याच्या प्रचंड डोंगरावरून पडतो. याला नाव मिळालं ते जिमी एंजल या वैमानिकाचं. १९३७ मध्ये त्याने याच माथ्यावर विमान उतरवलं, जमीन मऊ निघाली, चाकं रुतली. बरोबर त्याची बायको आणि आणखी दोघं होती. विमान तिथेच सोडून सगळे चालत खाली आले, त्याला ११ दिवस लागले. विमान १९७० पर्यंत वरच होतं, मग हेलिकॉप्टरने खाली आणलं.

मी तो माथा वरून पाहिला तेव्हा त्याला तिथे उतरावंसं का वाटलं असेल ते कळलं. दुरून तो खरंच सपाट मैदान वाटतो. जवळ गेल्यावर भेगा, खळगे, ओढे दिसतात. सिमच्या मर्यादाही इथेच उघड्या पडतात. उंचीच्या आकड्यांत एका जागेला एकच उंची असते, त्यामुळे पुढे झुकलेला कडा तयारच होत नाही. शिवाय फोटो वरून घेतलेला, तो हजार मीटरच्या उभ्या कड्यावर ताणला की रंगाचे लांब ओघळ दिसतात. म्हणून कड्याला चिकटून उडू नका. दोन-तीन किलोमीटर दूर राहा, सूर्य कड्याच्या समोर असेल अशी वेळ निवडा. मग डोळा ते ओघळ विसरतो आणि त्या भिंतीचा आवाका तेवढा उरतो.

उंचावरून

सगळ्यांचं वाचतोय, आवडतंय. पण कमी उंची आणि छोटं विमान हाच स्थलदर्शनाचा एकमेव मार्ग, असा सूर लागतोय, त्याला माझा विरोध आहे.

मी एअरबस आणि बोइंग उडवतो, बहुतेक लांब पल्ल्याचे मार्ग. ३७,००० फुटांवरून क्षितिज सुमारे ३८० किलोमीटरवर असतं. दीड हजार फुटांवरून ते ७५ किलोमीटरच्या आसपास. गेल्या आठवड्यात आल्प्स ओलांडले, उत्तरेकडून दक्षिणेकडे, हिवाळ्यातली सकाळ. उत्तरेकडे खालचं सगळं ढगांनी भरलेलं, मध्ये पर्वतांची भिंत, आणि पलीकडे पो नदीच्या मैदानात पुन्हा धुकं. पर्वत हवामान कसं अडवून धरतात याचं एवढं स्पष्ट चित्र मला कोणत्याही नकाशात दिसलं नव्हतं. १७२ मधून एक दरी दिसते. इथून संपूर्ण पर्वतरांग आणि तिने दोन्ही बाजूंना काय केलंय ते दिसतं.

आणि उतरण्याचंही सांगतो. त्याच मार्गावर मधेच इन्सब्रुक घ्या. दोन हजार मीटरची धावपट्टी, दोन्ही बाजूंना डोंगर, दक्षिणेकडून फ्योन (डोंगर उतरून येणारा उष्ण, कोरडा वारा) सुटला की ब्रेनर खिंडीच्या तोंडाशी विमान गदगदा हलतं. हे एअरबसमधून अनुभवा. दीडशे प्रवासी मागे आहेत असं समजून वळण घेताना त्या दरीची रुंदी वेगळीच भासते.

मंदगती

उंचावरून, तुमचा मुद्दा मान्य. धाग्याच्या सुरुवातीला उंची कमीच हवी असं मला म्हणायचं नव्हतं, पण वाचताना तसं वाटणं साहजिक आहे. आल्प्ससाठी ३७,००० फूट हीच योग्य उंची असू शकते. तुम्ही हिवाळ्यातली सकाळ निवडलीत, दिशा निवडलीत, हेच मला हवं होतं. फक्त एक भर घालतो: तोच मार्ग एकदा दहा हजार फुटांवरून खिंडी धरून उडून पाहा. वरून पाहिलेली भिंत आतून कशी आहे ते कळेल, आणि पुढच्या वेळी वरून जाताना खालची प्रत्येक दरी ओळखीची वाटेल.

दऱ्याखोरी

दऱ्यांमधून उडण्याचा विषय निघालाच आहे तर वळणाबद्दल लिहितो, कारण सिममध्ये लोक सर्वांत जास्त आदळतात ते इथे.

वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गावर ठरते. ३० अंश कलून १२० नॉटने वळलात तर त्रिज्या साधारण ६७० मीटर. त्याच कलाने ६० नॉटने वळलात तर १७० च्या आत. वेग निम्मा, जागा चौथाई. म्हणून अरुंद दरीत शिरण्याआधी वेग कमी करायचा, एक टप्पा फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली वळणाऱ्या झडपा) द्यायचे. आणि दरीच्या मधोमध उडायचं नाही. एका बाजूला सरकून उडायचं, म्हणजे परत फिरायला सगळी रुंदी हाताशी राहते. मधोमध असलात तर अर्धीच उरते. दोन बाजूंपैकी जिथे वारा डोंगरावर चढतोय ती घ्या, तिथे विमानाला वर उचल मिळते. दुसरीकडे खाली दाबणारी हवा असते.

हे सगळं शिकायला उत्तम जागा म्हणजे न्यूझीलंडचं क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड हा फ्योर्ड. वाकाटिपू सरोवराच्या काठाने वर जायचं, मग पर्वत ओलांडून समुद्राकडे उतरायचं. शेवटी मायटर पीक सुमारे १,७०० मीटर थेट पाण्यातून वर आलेलं. मिलफर्डची धावपट्टी समुद्रसपाटीला आणि चहूबाजूंनी भिंती. साउंडमध्ये उतरताना उंची कमी करायला जागा पुरत नाही असं वाटतं. एका काठाला धरून एक मोठं वळण घेतलं की पुरते. वाटेत सदरलँड धबधबा, ५८० मीटर, तीन टप्प्यांत पडतो. वरच्या क्विल सरोवरासकट तो एका नजरेत येतो, जमिनीवरून तसा कधीच दिसत नाही.

जुनी_धावपट्टी

मी जरा वेगळ्या भटकंतीबद्दल लिहिते. आता अस्तित्वात नसलेल्या विमानतळांवर उतरणं हा माझा आवडीचा प्रकार.

जुन्या मायक्रोसॉफ्ट सिमवर वाढलेल्यांना शिकागोचं मेग्ज फील्ड आठवत असेल. सिम सुरू केलं की विमान तिथेच उभं असायचं. डावीकडे शहराच्या उंच इमारती, उजवीकडे मिशिगन सरोवर. जगभरातल्या कितीतरी जणांचं पहिलं टेकऑफ त्या धावपट्टीवरून झालं. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौरांच्या आदेशाने बुलडोझर आले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून गेले. तिथे उभी असलेली विमानं नंतर टॅक्सीवेवरून (धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावरून) उडवून न्यावी लागली. आज तिथे बाग आहे. आताच्या सिममध्ये तिथे गेलात तर बागच दिसते. विमानतळ हवा असेल तर हौशी मंडळींनी बनवलेली सीनरी घालावी लागते. मी ती घालते आणि उत्तरेकडे टेकऑफ घेऊन किनाऱ्याने जाते. हा विमानतळ त्या माणसांनी जपून ठेवलाय, आणि त्यांच्याबद्दल मला खूप कृतज्ञता वाटते.

दुसरं म्हणजे हाँगकाँगचं काय टाक, १३ क्रमांकाची धावपट्टी. विमान सरळ एका टेकडीकडे यायचं. त्या टेकडीवर लाल-पांढरा चौकटींचा मोठा पट रंगवलेला. तो पट दिसला की उजवीकडे सुमारे ४७ अंश वळायचं, खाली इमारतींची छपरं, आणि वळण संपता संपता धावपट्टी. ६ जुलै १९९८ ला तो बंद झाला. धावपट्टीच्या जागी आता क्रूझ जहाजांचं टर्मिनल आहे. हे वळण नीट जमवायचं तर वारा आधीच समजून घ्यावा लागतो. उजवीकडून वारा असेल तर तो वळणातून बाहेर ढकलतो आणि धावपट्टीच्या पलीकडे नेतो. वैमानिक रोज मोठी जेट विमानं घेऊन हे करायचे, हे स्वतः करून पाहिल्यावर त्यांच्याबद्दलचा आदर फार वाढतो.

पंखा_फिरता

हेलिकॉप्टरवाले कमी दिसतायत इथे. मी सध्या काब्री जी-२ उडवतो. फ्रेंच यंत्र आहे, रोटर अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या उलट फिरतो, त्यामुळे पॉवर वाढवताना उजवं पॅडल लागतं. दुसऱ्या हेलिकॉप्टरवर शिकलेल्यांना पाय नव्याने शिकवावे लागतात.

जागा: नॉर्वेतलं वॅरॉय बेट, लोफोटेन द्वीपसमूहाच्या टोकाशी. इथे पूर्वी विमानतळ होता. डोंगरावरून उतरणारा वारा तिथे फार बेभरवशाचा, आणि १९९० मधल्या अपघातानंतर तो बंद झाला. आता मुख्य भूमीवरच्या बोडोहून नियमित हेलिकॉप्टर सेवा चालते. म्हणजे मी सिममध्ये उडतो तो मार्ग खरा, रोजचा आहे. सोमवारी डोंगराच्या आडोशाला घिरट्या घालताना पॉवर तशीच असूनही हेलिकॉप्टर खाली बसू लागलं, पुढे नाक टाकून वेग घेतला तेव्हा सुटलं. विमानतळ का टिकला नाही ते त्या दोन मिनिटांत समजलं.

वॅरॉय आणि उत्तरेकडच्या मोस्केनेसॉय बेटाच्या मध्ये मोस्कस्ट्रॉमेन नावाचा भरती-ओहोटीचा प्रवाह आहे, जुन्या नकाशांवर भोवरा म्हणून काढलेला. सिममध्ये पाणी फिरत नाही, पण दोन बेटांमधली ती फट बघितली की प्रवाह इथेच का जोर धरतो ते कळतं.

भूरूप

पंखा_फिरता, लोफोटेन! आपण सगळे मिळून तिथे उडूया का? वेगवेगळी यंत्रं, एकच मार्ग.

मंदगती

उत्तम कल्पना. मार्ग असा सुचवतो: बोडोहून पश्चिमेला समुद्र ओलांडून वॅरॉय, तिथून मोस्कस्ट्रॉमेनवरून उत्तरेला, मग लोफोटेनच्या आग्नेय बाजूने ईशान्येकडे, रेइनेवरून लेक्नेस. सकाळी उडायचं. म्हणजे बोडोहून निघताना सूर्य पाठीशी, आणि नंतर डोंगर डाव्या खिडकीत असताना त्यांची आग्नेय बाजू पूर्ण उजेडात. संध्याकाळी निघालो तर समुद्रभर सूर्य डोळ्यांत आणि डोंगर काळे. तारीख जूनची ठेवू. उन्हाळ्यात नॉर्वे यूटीसीच्या दोन तास पुढे, म्हणजे सिममध्ये यूटीसी सहा लावा, तिथे आठ वाजलेले असतील. १७२ ला ९० नॉट, काब्रीलाही तेवढेच जमतील.

उंचावरून, तुम्ही वरून या. ३०,००० फुटांवरून संपूर्ण लोफोटेनची भिंत कशी दिसते त्याचा फोटो आम्हाला तुमच्याकडूनच मिळेल.

उंचावरून

येतो. खरं तर टर्बोप्रॉप (पुढे पंखे असलेलं प्रवासी विमान) घेऊन येईन, लेक्नेसलाच उतरेन तुमच्याबरोबर. नॉर्वेच्या किनाऱ्यावर डॅश ८ सारखी विमानंच अशा आखूड धावपट्ट्यांवर रोज जातात, तोही अनुभव घ्यायचाय.

दऱ्याखोरी

मी आहे. व्हॅटसिमवर (सिमवाल्यांच्या ऑनलाइन जाळ्यावर, जिथे हौशी हवाई नियंत्रकही असतात) उडायचं की सिमच्या आतल्या सोयीने? व्हॅटसिमवर त्या भागात कुणी नियंत्रक असेलच असं नाही. नसेल तर १२२.८ या रेडिओ वारंवारितेवर एकमेकांना जागा आणि उंची सांगत राहायची.

मंदगती

नव्या मंडळींसाठी सिमची आतलीच सोय ठेवू, बोलणं वेगळ्या व्हॉइस खोलीत. उंची वाटून घेऊ: काब्री ५०० फूट, १७२ वाले १,५००, टर्बोप्रॉप ४,००० च्या वर. हवामान सगळ्यांनी खरंच ठेवायचं. निघण्याआधी बोडो आणि लेक्नेसचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) इथे टाकतो. आडवा वारा १५ नॉटच्या वर असेल तर दुसरा दिवस.

नवखा_वैमानिक

काउआईची फेरी काल संध्याकाळी केली. ट्रिमचा सराव आधी केला होता, आणि ना पालीजवळ खरंच काठी सोडून खिडकीबाहेर बघता आलं! लोफोटेनला यायची फार इच्छा आहे. फक्त समुद्र ओलांडताना किनारा दिसणार नाही, तेव्हा दिशा कशी धरायची?

मंदगती

नक्की या. बोडो ते वॅरॉय साधारण ८५ किलोमीटर, म्हणजे ९० नॉटला अर्धा तास. निघण्याआधी वाऱ्याचा कोन काढून हेडिंग (नाकाची होकायंत्रावरची दिशा) लिहून ठेवा, किनारा सुटला की घड्याळ सुरू करा, आणि हेडिंग सोडू नका. हवा स्वच्छ असेल तर दीड हजार फुटांवरून लोफोटेनचे डोंगर अर्ध्या वाटेच्या आधीच समोर दिसतील. पहिल्या वेळी तुम्ही माझ्या मागे, थोडं उजवीकडे राहा. दर पाच मिनिटांनी मी हेडिंग आणि वेळ बोलून सांगेन, तुमच्या आकड्यांशी जुळतंय का ते तुम्ही सांगा.